रंगमंचावरील उडतें यंत्र

डिसेंबर-जानेवारीची थंडी पडली आणि कापसाची वेचणी निम्म्यावर आली कीं दिग्रस, पुसद, दारव्हा या टापूंतील शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. या संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिकेंत एक नृत्य बहुधा ठरलेलें असतें, तें म्हणजे बंजारा मुलींचें रिंगण. बंजारा समाजाचें तीर्थक्षेत्र पोहरादेवी दिग्रसहून फार लांब नाहीं. आसपासचे तांडे आणि गांव यांचें येणेंजाणें नित्याचें आहे. त्यामुळें फेटिया-कांचळी ल्यालेल्या, आरशांच्या टिकल्यांनीं व कवड्यांनीं मढलेल्या आठ-दहा मुली लेंगीच्या ठेक्यावर गोल फिरूं लागल्या कीं सभागृहांतील टाळ्यांनाहि तोच ठेका लागतो. मात्र खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाच्या वांट्यास या नृत्याचें निम्में सौंदर्य येतच नाहीं. त्याला दिसतात त्या पुढच्या चार मुलींच्या पाठी आणि त्यांच्या आडून मधूनमधून डोकावणारे पलीकडचे चेहरे. रिंगण फुलतें, मिटतें, त्याचीं दोन कडीं होतात, घेर एकमेकांना शिवून पुन्हा सुटतात, हें सारें वरून पाहण्याचें चित्र आहे. तेव्हां एखाद्या हौशी पालकाच्या अथवा छायाचित्रकाराच्या मनांत वरून ड्रोन फिरवावा असें आलें, तर ती केवळ नवलाईची हांव आहे असें म्हणतां येणार नाहीं. विचार रास्त आहे. अडचण आहे ती खालीं नाचणाऱ्या मुलींच्या डोळ्यांची.

यवतमाळ जिल्ह्याला ड्रोन आतां अपरिचित राहिलेला नाहीं. लग्नाच्या वरातीवरून तो फिरतो, घंटीबाबांच्या यात्रेसारख्या गर्दीचीं चित्रें टिपण्याचा मोह कॅमेरावाल्यांस होतो, आणि अलीकडे तर तो कापसाच्या व सोयाबीनच्या शेतावर औषध फवारूं लागला आहे. महिला बचतगटांना असे फवारणीचे १५,००० ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें मंजूर केली. या जिल्ह्याला त्या यंत्राचें महत्त्व इतरांपेक्षां अधिक समजावें असें कारणहि घडून गेलें आहे. २०१७ सालच्या हंगामांत कापसावर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन येथें वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडोंना रुग्णालय गांठावें लागलें. पाठीवर पंप घेऊन उभ्या पिकांत शिरणाऱ्या माणसाला विषापासून दूर ठेवणें हें शेतावरील ड्रोनचें खरें काम होय. रंगमंचावर याच्या नेमकें उलट घडतें. शेतांत ज्या यंत्राच्या योगानें माणूस संकटापासून दूर जातो, तेंच यंत्र येथें माणसाच्या, आणि तेंहि भान हरपून नाचणाऱ्या मुलांच्या, हातभर अंतरावर आणून सोडावयाचें असतें. यंत्र लहान आहे, खेळण्यासारखें दिसतें, एवढ्यावरून हा फरक पुसला जात नाहीं.

नृत्य आणि उडतीं यंत्रें यांची सांगड पाश्चात्त्य रंगभूमीनें घालून पाहिली आहे, आणि ती कशी घातली हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. २०१४ सालीं सर्क द्यू सोलेय ही प्रख्यात सर्कस-संस्था आणि झुरिच येथील ईटीएच हें तंत्रविद्यापीठ यांनीं मिळून 'स्पार्क्ड' नांवाचा एक लघुपट तयार केला. त्यांत दिव्यांचीं आच्छादनें पांघरलेलीं दहा उडतीं यंत्रें एका माणसाभोंवतीं नाचतात. पुढें २०१६ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'पॅरामूर' या नाट्यप्रयोगांतहि अशींच दिव्यांचीं आच्छादनें नटांच्या भोंवतीं तरंगत असत. पाहणाऱ्यास हें सारें सहज वाटतें. परंतु ज्या प्रयोगशाळेंतून ही विद्या बाहेर पडली, ती झुरिचची उड्डाणशाळा म्हणजे दहा मीटर लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी एक जागा असून तिच्या भोंवतीं जाळी आणि खालीं गाद्या असत. भोंवतालचे कॅमेरे प्रत्येक यंत्राची जागा क्षणाक्षणाला मोजून त्याला कळवीत. म्हणजे ज्यांनीं हें शास्त्र घडविलें, त्यांनीं आधीं गाद्या अंथरल्या आणि मग उड्डाण केलें. बाजारांतून आणलेला ड्रोन संमेलनाच्या संध्याकाळीं पेटींतून काढून एकदम मुलींच्या डोक्यावर सोडणाऱ्यानें ही गोष्ट ऐकलेली नसते.

दुसऱ्या बाजूच्या हकीकतीहि थोड्या नाहींत. डिसेंबर २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एका उपाहारगृहांत करमणुकीसाठीं उडविलेला ड्रोन छायाचित्र घेणाऱ्या बाईंच्या तोंडावर आदळला आणि त्यांच्या नाकाला जखम झाली. मे २०१५ मध्यें मेक्सिकोंतील तिहुआना येथें एन्रीके इग्लेसियास या गायकानें गातांगातां नित्याप्रमाणें ड्रोन हातानें धरावयास जाऊन बोटें कापून घेतलीं. शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षीं इंग्लंडांत घराच्या बागेंत उडविलेला ड्रोन झाडाला लागून भरकटला आणि दीड वर्षाच्या एका बालकाचा डोळा कायमचा गेला. उडविणारा नवशिका नव्हता, घरोब्याचाच होता. या तिन्ही प्रसंगीं यंत्र आकाशांतून कोसळलें नव्हतें. तें माणसाच्या उंचीवर, माणसाच्या जवळ होतें, इतकेंच.

आतां बाहेर शहाण्यासारखा वागणारा ड्रोन घरांत शिरतांच वेडा कां होतो, हें पाहिलें पाहिजे. उघड्या मैदानावर हातांतील नियंत्रकाच्या दांड्या सोडून दिल्या तरी चांगला ड्रोन जागच्या जागीं थबकून राहतो. हें कसब चालकाचें नसतें. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून यंत्र आपली जागा ओळखीत असतें. सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छपराखालीं हे संदेश पोंचत नाहींत, पोंचले तर तुटक व फसवे पोंचतात. मग यंत्र दुसऱ्या एका युक्तीचा आधार घेतें. त्याच्या पोटाशीं एक बारीक कॅमेरा खालची जमीन न्याहाळीत असतो. जमिनीवरील खुणा डावीकडे सरकल्या तर आपण उजवीकडे गेलों असें तें समजतें आणि परत फिरतें. जमीन किती खालीं आहे हें तें किरणांच्या अथवा ध्वनीच्या परावर्तनावरून मोजतें. शाळेच्या वर्गांत, दिवसाच्या उजेडांत, नक्षीच्या फरशीवर ही युक्ति छान चालते, आणि तेवढ्यावरून चालकास वाटतें कीं आपला ड्रोन घरांतहि स्थिर राहतो.

रंगमंचावर मात्र या युक्तीचा एकेक आधार निखळत जातो. स्टेजवर बहुधा एकरंगी काळें किंवा लाल जाजम अंथरलेलें असतें. त्यावर धरण्याजोगी खूण नसते. दिवे मंद झाले कीं पोटाच्या कॅमेऱ्यास दिसेनासें होतें, आणि रंगीत झोत फिरूं लागले कीं जाजमावरून धांवणारा उजेडाचा गोल हीच त्याला जमीन वाटते. धुराचें यंत्र सोडलें तर उंची मोजण्याचीहि फसगत होते. त्यांतून खालीं बंजारा नृत्य असेल तर विचारूंच नये. शेंकडों आरसे झोत परतवीत असतात, आणि दहा घेरदार फेटिया एकाच दिशेनें फिरत असतात. यंत्राच्या समजुतीनें ती फिरणारी जमीनच असते. रिंगणाबरोबर तें स्वतःहि हळूहळू वाहूं लागतें. खालून एखादी मुलगी हात उंचावून गेली तर जमीन एकदम वर आली असें समजून तें उसळी घेतें, आणि वर छत असतें. प्रेक्षकांस वाटतें, चालक फार खुबीनें फिरवितो आहे. चालकाच्या कपाळाला त्या वेळीं घाम फुटलेला असतो.

लोखंडाचा उपद्रव याहून निराळा. दिशा कळावी म्हणून यंत्रांत होकायंत्र असतें. स्लॅबमधील सळया, दिवे टांगण्याची लोखंडी कमान आणि ध्वनिक्षेपकांतील भलेमोठे चुंबक यांमुळें तें बहकतें. म्हणून ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर ठेवून ड्रोन उडविण्याची जी पद्धत पुष्कळ ठिकाणीं दिसते, सपाट आणि उंच जागा मिळते म्हणून, ती अगदीं चुकीची होय.

हवेचा विचार तर बहुतेक कोणी करीतच नाहीं. ड्रोन उडतो तो हवा खालीं ढकलून. मैदानांत ही हवा पांगून जाते. बंद जागेंत ती भिंतीला लागून फिरून वर येते आणि यंत्र स्वतःच्याच वाऱ्यांत हेलकावे खाऊं लागतें. छताच्या अगदीं जवळ गेल्यास पात्यांवरील हवा विरळ होऊन तें वर ओढलें जातें व छताला चिकटूं पाहतें. भिंतीजवळहि अशीच ओढ लागते. विंगांतील सुटे पडदे, वरची झालर, मागचा तलम पडदा हीं सारीं त्या वाऱ्यानें हलतात आणि पात्यांकडे खेंचलीं जातात. ओढणीचेंहि तेंच. पदर किंवा ओढणी भिरकावून घेणारी गिरकी ज्या नृत्यांत आहे, त्या नृत्याच्या जवळपास पातीं फिरतां कामा नयेत. बाकी नटराजासमोरची समई विझणें, रांगोळी उडणें, फुलांच्या पाकळ्या प्रेक्षकांत जाणें या गोष्टी धोक्याच्या नव्हेत, पण पाहुण्यांनीं दीपप्रज्वलन करून पांच मिनिटें होतात न होतात तों समई विझलेली कोणासहि आवडत नाहीं.

चालक आणि यंत्र यांच्यामधील दुवा बिनतारी संदेशाचा असतो, आणि तो बहुधा ज्या लहरींवर चालतो त्याच लहरींवर वायफाय व ब्लूटूथहि चालतें. सकाळीं रिकाम्या सभागृहांत तालीम उत्तम होते. संध्याकाळीं तेथें पांचशें माणसें बसतात, प्रत्येकाच्या खिशांत एक फोन, आणि आपली मुलगी स्टेजवर आली कीं तो नेमका त्याच क्षणीं बाहेर निघतो. दुवा तुटल्यास ड्रोननें काय करावें हें आधीं ठरवून ठेवतां येतें. मैदानासाठीं सामान्यतः 'उंच जाऊन घरीं परत ये' अशी आज्ञा दिलेली असते. छपराखालीं हीच आज्ञा राहिली आणि यंत्राला खिडकींतून चुकूनमाकून उपग्रह दिसले, तर तें उंच जाऊं पाहील, आणि वर पंखे आहेत. सभागृहांत उडविण्यापूर्वीं ही आज्ञा बदलून 'जागच्या जागीं सावकाश उतर' अशी करणें हें पहिलें काम.

वजनाचा हिशेब साधा आहे. २४९ ग्रॅमचा ड्रोन चार मीटरांवरून पडला तर जमिनीशीं त्याचा वेग ताशीं सुमारें ३२ किलोमीटर होतो. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे दीड चेंडूचें वजन, वर टोंकें आणि फिरतीं पातीं. ऐंशी ग्रॅमचा ड्रोन तितक्याच वेगानें पडतो खरा, पण त्याचा मार तिसऱ्या हिश्शाचा. सभागृहांत चित्राच्या सुबकपणापेक्षां हलकेपणाला अधिक किंमत द्यावी हें यावरून उघड आहे. पात्यांभोंवतीं पूर्ण कडें असलेला, बोट घातलें तरी पात्यापर्यंत पोंचूं नये असा लहानांतला लहान ड्रोन निवडावा. वरच्या बाजूस उघडे आणि बाजूंनाच नावापुरते कठडे असलेले रक्षक ओढणीपासून वांचवीत नाहींत.

कायद्याविषयीं थोडेंच. ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ड्रोनचे नियम जाहीर केले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचें यंत्र सर्वांत लहान वर्गांत धरलें असून त्याच्या चालकास परवान्याची अट नाहीं. त्याहून मोठें, दोन किलोपर्यंतचें यंत्र हौसेखातर उडविणाऱ्यासहि ती नाहीं. पण पैसे घेऊन चित्रीकरण करणारा तें उडवील तर परवाना हवा. संमेलनासाठीं बोलावलेला कॅमेरावाला हा पैसे घेणाराच असतो. मात्र परवाना हा मोकळ्या आकाशांतील कौशल्याचा दाखला होय. वरातीवर दहा वर्षें ड्रोन फिरविलेला माणूस छपराखालीं नवखाच असतो, आणि हें त्याला सांगणारें कोणी असावें लागतें.

तें सांगण्याचा मान नृत्य बसविणाऱ्या बाईंचा असला पाहिजे. हल्लीं उलट घडतें. कॅमेरावाला येतो, मुलींनीं कोठें उभें राहावें हें सांगतो, आणि बसलेलें नृत्य चित्रासाठीं विसकटतें. वास्तविक ड्रोन हा त्या नृत्यांतील आणखी एक नाचणारा आहे असें समजून त्याची जागा, त्याचा प्रवेश आणि त्याचें निर्गमन बाईंनींच बसवावें. त्यासाठीं आधीं मोजपट्टी घ्यावी. लहान गांवांतील बऱ्या सभागृहाच्या स्टेजवर झालर बहुधा बारा ते चौदा फुटांवर असते. हात उंचावलेली मुलगी सात फूट भरते. डोक्यावर घागर असली तर तीहि धरावी. दिवे कमानीपासून दीड-दोन फूट खालीं लोंबत असतात, आणि छताच्या ओढीपासून सुटण्यास तितकीच मोकळी जागा हवी. उरलें किती? दोन-तीन फूट. एका उसळीनें संपणाऱ्या या पोकळींत, मुलींच्या माथ्यावर, ड्रोन नेण्यास जागाच नाहीं. हें गणित कागदावर मांडून दाखविलें म्हणजे पुष्कळसा वाद मिटतो.

तथापि रिंगण दिसण्यासाठीं ठीक माथ्यावरच जावें लागतें ही समजूतहि खरी नाहीं. स्टेजच्या कडेपासून सात-आठ फूट पुढें आणि जमिनीपासून बारा-तेरा फूट उंच असा कॅमेरा खालीं कलता ठेवला तर रिंगण लांबट गोल दिसतें, घेरांची फुलण-मिटण दिसते आणि मुलींचे चेहरेहि दिसतात, जे सरळ माथ्यावरून मुळींच दिसत नाहींत. वरून नुसते भांग दिसतात. म्हणून ड्रोनची जागा स्टेजवर नव्हे, तर स्टेज आणि प्रेक्षक यांच्यामधील मोकळ्या पट्टींत. ही पट्टी निदान पंधरा फुटांची हवी आणि तींत एकहि माणूस नको. आपल्याकडे नेमके याच जागीं पाहुण्यांचे सोफे मांडलेले असतात. ड्रोन हलविण्यापेक्षां ते सोफे हलविणें अवघड, हें संमेलनें पार पाडणाऱ्या कोणत्याहि मुख्याध्यापकांस ठाऊक आहे. परंतु त्यांस पर्याय नाहीं. पट्टीवर ठळक चौकड्यांची सतरंजी अंथरावी आणि तिच्यावर एक पांढरा दिवा सतत जळता ठेवावा. पोटाच्या कॅमेऱ्यास धरण्याजोगी, न हलणारी, उजळ जमीन मिळाली कीं यंत्राचें निम्में वेड उतरतें. पट्टीच्या प्रेक्षकांकडील बाजूस क्रिकेटच्या सरावाची जाळी वरपासून खालपर्यंत ताणतां आली तर फारच उत्तम. काळी जाळी अंधारांत डोळ्यांस फारशी खटकत नाहीं.

तालमीविषयीं दिव्यवाल्यास विसरून चालत नाहीं. ड्रोन हवेंत असेपर्यंत काळोख करावयाचा नाहीं, लुकलुकणारा झोत सोडावयाचा नाहीं, धूर सोडावयाचा नाहीं, हें त्याच्या वहींत लिहिलेलें असावें. पहिली तालीम नुसत्या ड्रोनची, स्टेज रिकामें ठेवून. दुसरी मुलींनीं साध्या कपड्यांत, चालत चालत. तिसरी पूर्ण पोषाखांत, पूर्ण उजेडांत, पूर्ण लयींत. कारण आरसे आणि घेर यांचा खेळ त्याखेरीज कळत नाहीं. या तालमींत एक गोष्ट हटकून आढळते. मुली तालमींत ज्या लयींत नाचतात, त्याहून प्रयोगाच्या दिवशीं चढ्या लयींत नाचतात. ढोलकीवालाहि मनुष्यच आहे, तोहि चढतो. म्हणून ड्रोनचा प्रवेश घड्याळाच्या सेकंदांवर बांधूं नये. तो नृत्यांतील एखाद्या ठळक खुणेवर बांधावा. रिंगणाचीं दोन कडीं झालीं कीं वर, कडीं पुन्हा मिळालीं कीं खालीं. चालकाला ताल मोजतां आला नाहीं तरी चालेल, पण ही खूण त्याला झोपेंतहि ओळखतां आली पाहिजे. सारें उड्डाण आठ-दहा आवर्तनांचें, म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचें असावें. अधिक वेळ ठेवल्यास त्याचा घूं घूं आवाज गाण्यावर बसतो. ढोलकीच्या जोरांत तो खपून जातो. अभिनयाच्या पदांत तो कानांत शिरलेल्या डांसासारखा छळतो, आणि रेडिओवरून तो कार्यक्रम ऐकणाऱ्यास तर नृत्य दिसलें नसतें, डांस मात्र ऐकूं आला असता.

मुलींना काय शिकवावें? थोडकेंच. यंत्राकडे पाहावयाचें नाहीं, त्याला हात लावावयाचा नाहीं, झेलावयाचें तर मुळींच नाहीं. ठरलेला एक शब्द मोठ्यानें ऐकूं आला कीं आहे त्या जागीं खालीं बसून दोन्ही हातांनीं डोळे झांकावयाचे. हा शब्द गाण्यांत न येणारा असावा. पळण्यास शिकवूं नये. आठ मुली आठ दिशांना पळतात आणि त्यांतली एक नेमकी यंत्राखालीं जाते. शब्द उच्चारण्याचा अधिकार चालकाशेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला द्यावा. त्यानें पडद्यावरील चित्राकडे पाहावयाचें नाहीं, फक्त उघड्या डोळ्यांनीं यंत्राकडे पाहावयाचें. चालकाची नजर चित्रांत गुंतते, हें टाळतां येत नाहीं. म्हणूनच हा दुसरा माणूस.

चालकानें अंगवळणीं पाडावयाची गोष्ट स्वभावाच्या विरुद्ध आहे. यंत्र कोठें अडखळलें, पडद्याला लागलें, कलंडलें, तर हात आपोआप दांडी वर ढकलतो, कारण पडणारें सावरावें ही माणसाची उपजत बुद्धि. अडकलेल्या पात्यांस जोर मिळाला कीं तीं अधिकच कापतात, आणि सुटलें तर यंत्र उसळून कोठेंहि जातें. अशा वेळीं मोटारी तत्क्षणीं बंद करून यंत्र पडूं द्यावें. मोटारी बंद करण्याची कृति प्रत्येक यंत्राची निराळी असते. ती गादीवर पन्नास वेळां करून पाहिल्यावांचून प्रेक्षकांसमोर उड्डाण करूं नये. आणि खालीं माणूस नाहीं, ही व्यवस्था आधींच केलेली असेल तरच 'पडूं द्यावें' असें म्हणतां येतें. मोकळ्या पट्टीचा सारा आग्रह त्यासाठीं आहे.

बॅटरीकडे वळतांना कोल्हापूरची आठवण होते. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली, आणि लाकूड, कापड, रंग यांनीं भरलेली जागा किती झपाट्यानें पेटते हें साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. ड्रोनची लिथियम बॅटरी फुगलेली, आदळलेली किंवा अवाजवी भरलेली असली तर पेट घेऊं शकते, आणि पेटल्यावर ती सहजीं विझत नाहीं. रंगपटांत, पोषाखांच्या ढिगाशेजारीं, एकाच जोडणींतून इस्त्री, फोन आणि ड्रोनची बॅटरी असें सगळें भरावयास लावण्याची चाल आहे, ती मोडावी. बॅटरी इमारतीच्या उघड्या ओट्यावर, माणूस शेजारीं बसवून भरावी; जवळ वाळूची बादली असावी. पडलेल्या यंत्रांतील बॅटरी त्या दिवशीं पुन्हा वापरूं नये. प्रत्येक उड्डाणास नवी भरलेली बॅटरी घ्यावी, मागचें उड्डाण मिनिटाचेंच झालें असलें तरीहि.

इतकें सारें जमण्याजोगें नसलें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें जमण्याजोगें नसतेंच, तर वरच्या चित्राचा नाद सोडावा लागतो असें मात्र नाहीं. पट्टीच्या वर, स्टेजसमोरच्या तुळईला अथवा दिव्यांच्या कमानीला एक लहान कॅमेरा पक्का बांधून खालीं कलता ठेवला तर वर सांगितलेलें लांबट रिंगण जसेंच्या तसें मिळतें. आवाज नाहीं, वारा नाहीं, आरशांचा घोटाळा नाहीं. बॅटरी तासभर पुरते आणि मागें मोठा पडदा असेल तर तें चित्र प्रेक्षकांना त्याच वेळीं दाखवितांहि येतें. ड्रोनची मजा आहे ती चित्र सरकण्यांत, उंचावण्यांत. ती यांत मिळत नाहीं. ती हवीच असेल तर पोषाखी तालमीच्या दिवशीं, सभागृह रिकामें असतांना, तेवढें मिनिट-दीड मिनिटाचें चित्रीकरण करून घ्यावें आणि संमेलनाच्या चित्रफितींत जोडावें. पालकांच्या घरीं जी चित्रफीत जाते तींत हा फरक कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कमानीला बांधलेल्या कॅमेऱ्यास मात्र एका स्क्रूच्या भरंवशावर सोडूं नये. दिव्यांना जशी दुसरी पोलादी तार घालतात, तशी एक बारीक तार कॅमेऱ्याच्या अंगांतून ओवून कमानीभोंवतीं घट्ट करावी आणि ती बांधली आहे कीं नाहीं हें तिसरी घंटा होण्यापूर्वीं शिडीवर चढून हातानें ओढून पाहावें.